वेदनेचें काम करणारा पायमोजा

शरीर आपल्याशीं बोलतें तें पुष्कळदां वेदनेच्या भाषेंत. दांत किडला म्हणजे तो ठणकतो, चपलेंत खडा शिरला म्हणजे तो टोंचतो, तापलेल्या तव्यास बोट लागलें तर मनांत विचार येण्यापूर्वींच हात मागें येतो. ही भाषा कोणासच गोड वाटत नाहीं. वेदना नसत्या तर मनुष्य किती सुखी झाला असता, असें म्हणणारे लोक आम्हांस वरचेवर भेटतात. आणि परीक्षेच्या दिवसांत डोकें दुखूं लागलें कीं आमचे विद्यार्थीहि तेंच म्हणतात. परंतु ज्यांचे पाय खरोखरच वेदनेस मुकले आहेत अशीं माणसें आपल्यांत थोडीं नाहींत. त्यांच्या तळव्यांत खिळा शिरला तर तें संध्याकाळीं चप्पल काढल्यावर, रक्ताचा डाग पाहून समजतें. अशा मनुष्याच्या पायांत असा मोजा घालावा कीं त्यानेंच वेदनेचें काम करावें, अशी एक कल्पना कांहीं वैद्यांस सुचली. तिची हकीकत येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. मुलांनीं ती वाचावी, आणि घरांत कोणास मधुमेह असेल तर वडील माणसांसहि वाचून दाखवावी.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. उष्णता, दाब, ताण अशा एखाद्या गोष्टींतील फरक ओळखून त्याची विजेच्या रूपानें खूण देणारें जें लहानसें साधन, त्यास सेन्सर म्हणतात. असे सेन्सर कापडांत विणले म्हणजे अंगावरील वस्त्रच अंगाची परीक्षा करूं लागतें. अमेरिकेंतील जॉर्जिया टेक या संस्थेंत सुंदरेशन जयरामन या मूळच्या भारतीय प्राध्यापकांनीं १९९६ सालीं सैनिकांसाठीं असा एक सदरा विणण्याचें काम हातीं घेतलें. गोळी लागली तर सदऱ्यांतील प्रकाशवाहक तंतु तुटावा आणि जखम कोठें झाली आहे तें दूर असलेल्या वैद्यास समजावें, अशी त्यांत योजना होती. पुढें २०१९ च्या जानेवारींत कॅनडाचे अंतराळवीर डेव्हिड सँ-झाक यांनीं पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या अंतराळस्थानकांत असाच एक सदरा घालून आपली नाडी, श्वास इत्यादि गोष्टींची नोंद करून पाहिली. हें सर्व ऐकण्यास मौजेचें आहे. परंतु अंतराळांत जाणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि मधुमेह तर घरोघरीं. म्हणून आम्हांस सदऱ्याहून पायमोजाच अधिक महत्त्वाचा वाटतो.

पायमोज्याची हकीकत अमेरिकेंत नव्हे, आपल्याच देशांत, तामिळनाडूंत सुरू होते. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालीं तेथील कोल्ली टेकड्यांत एका मिशनरी कुटुंबांत झाला. इंग्लंडांत शस्त्रवैद्यकाचें शिक्षण घेऊन १९४६ सालीं ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिकविण्यास आले. चेंगलपट्टू येथें कुष्ठरोग्यांची वसाहत होती. डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनीं ब्रँड यांस ती दाखविण्यास नेलें. आखडून गेलेले हात आणि बोटें नाहींशीं झालेले पाय त्यांनीं तेथें पाहिले. ज्यास आपल्याकडे पूर्वीं महारोग म्हणत, त्या रोगांत मांसच सडतें आणि बोटें आपोआप गळून पडतात, अशी त्या काळीं सामान्य लोकांचीच नव्हे तर पुष्कळ वैद्यांचीहि समजूत होती. ब्रँड यांस ती पटेना.

एके दिवशीं एका कोठीच्या दाराचें गंजलेलें कुलूप त्यांच्यानें उघडेना. जवळ उभ्या असलेल्या एका रोगी मुलानें पुढें होऊन किल्ली धरली आणि एका हिसक्यासरशी फिरविली. एवढ्याशा मुलाच्या अंगीं हें बळ कोठून आलें, असा विचार त्यांच्या मनांत येतो न येतो तोंच जमिनीवर रक्ताचे थेंब पडलेले त्यांस दिसले. मुलाच्या बोटाचें कातडें फाटून जखम हाडापर्यंत गेली होती, आणि मुलास त्याचा पत्ताहि नव्हता. त्याचें बळ इतर मुलांहून अधिक नव्हतें. इतर मुलें ज्या ठिकाणीं दुखतें म्हणून हात सोडतात, त्या ठिकाणीं त्यास सोडण्याचें कारण समजलें नाहीं, एवढाच काय तो फरक.

या एका गोष्टीनें त्यांस शोधाची वाट दाखविली. १८७३ साली नॉर्वेंतील हॅन्सेन यांनीं ज्याचा शोध लाविला, तो या रोगाचा जंतु मज्जातंतूंस मारतो. बोटें मात्र जंतु नेत नाहीं. तीं जातात चुलीवरील भांड्यानें, कुदळीच्या दांड्यानें, चपलेच्या खिळ्यानें. कांहीं रोग्यांचीं बोटें रात्रींतून लहान होत. पाळत ठेवल्यावर असें दिसून आलें कीं झोंपेंत उंदीर तीं कुरतडून जात असत! तेव्हांपासून वेल्लोरहून घरीं जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याची पद्धत पडली. वाचकांस हसूं येईल, परंतु वेदनेच्या जागीं दुसरा पहारेकरी नेमण्याचा आमच्या माहितींतील हा अगदीं पहिल्या प्रयत्नांपैकीं एक होय.

पायांची गोष्ट हातांहून कठीण ठरली. निरोगी मनुष्य चार मैल चालला म्हणजे त्याची चाल नकळत बदलते. टाचेवर भार अधिक झाला तर तो बोटांकडे घेतो, एक कड दुखूं लागली तर दुसऱ्या कडेवर पाऊल टाकतो, आणि फारच झालें तर लंगडतो. लंगडणें ही देखील शरीराची एक शहाणीव आहे. ज्याच्या पायास जाणीव नाहीं तो पहिल्या पावलास जसा चालतो तसाच हजाराव्या पावलास चालतो. एकाच जागीं दाब पडत राहतो. आंतील मांस सुजतें, वर घट्टा धरतो, घट्ट्याखालीं पाणी होतें आणि शेवटीं तोंड फुटून व्रण बाहेर दिसतो. तोंवर पुष्कळ उशीर झालेला असतो. अशा पायांसाठीं दक्षिणेंत मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला तयार करण्यांत आल्या. महाराष्ट्रांतील कुष्ठरोग-केंद्रांतून मिळणाऱ्या ज्या चपलांस 'एमसीआर' म्हणतात, त्या याच जातीच्या.

१९६६ सालीं ब्रँड अमेरिकेंत लुइझियाना राज्यांतील कारव्हिल येथील कुष्ठरोग-रुग्णालयांत गेले. तेथें त्यांस यंत्रज्ञांचें साहाय्य मिळूं लागलें, आणि बोलणाऱ्या मोज्याचे प्रयोग खऱ्या अर्थानें सुरू झाले. १९६९ सालीं त्यांनीं व त्यांच्या एका सहकाऱ्यानें दाब ओळखणाऱ्या साधनांवर एक निबंध प्रसिद्ध केला. एका युक्तींत वीज मुळींच नव्हती. पातळ मोज्यास अतिशय सूक्ष्म कुप्यांचा थर दिलेला असे, आणि त्या कुप्यांत रंग भरलेला असे. रोग्यानें तो मोजा चढवून वर बूट घालावा आणि कांहीं अंतर चालून यावें. जेथें दाब फार पडे तेथील कुप्या फुटून मोज्यावर डाग उमटे. बूट कोठें चुकला आहे हें चांभारास बोटानें दाखवितां येई. आमच्या मतें या सर्व प्रयत्नांत हीच युक्ति सर्वांत सुबक होती. तिला ना विजेचा घट लागे, ना शिकलेला मनुष्य.

दुसरी योजना अधिक महत्त्वाकांक्षी होती. हातमोजे व पायमोजे यांत दाबाचे सेन्सर बसवावे, तारांनीं ते एका पेटीस जोडावे, आणि दाब मर्यादेबाहेर गेला कीं रोग्याच्या कानांत आवाज व्हावा. पेटीनें आवाज केला. रोग्यांनीं तो ऐकला, आणि हातांतील काम तसेंच चालूं ठेवलें. मग आवाजाऐवजीं दिवा लावून पाहिला. त्याचाहि उपयोग झाला नाहीं. अखेर असें ठरलें कीं खूण दुखविणारी असावी. ज्या काखेंत जाणीव शिल्लक होती तेथें विजेचा धक्का देण्याची व्यवस्था केली. धक्का बसूं लागला, आणि रोग्यांनीं एक सोपा उपाय शोधून काढला. एखादें घट्ट काम करावयाचें असलें म्हणजे ते अगोदर यंत्राची कळ बंद करीत, काम उरकीत आणि मग कळ पुन्हां चालूं करीत!

हे रोगी मूर्ख नव्हते. आपलीं बोटें जपावीं हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. परंतु स्वतःच्या वेदनेची कळ कोणाच्या हातीं नसते, आणि या वेदनेची होती. तव्यावर बोट पडलें असतां, 'थांब, हें काम झाल्यावर दूख' असें आपण बोटास सांगूं शकत नाहीं. पुष्कळ वर्षें व पुष्कळ द्रव्य खर्च केल्यावर ब्रँड यांनीं तो प्रयत्न सोडून दिला. फिलिप यान्सी यांच्यासह लिहून १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत त्यांनीं ही सर्व हकीकत न लपवितां सांगितली आहे. फसलेला प्रयोग इतका सविस्तर सांगणारे लोक फार नाहींत, म्हणून आम्हांस त्यांचें विशेष कौतुक वाटतें. ते २००३ सालीं वारले.

येथवर कुष्ठरोगाची गोष्ट झाली. हा रोग आतां औषधांनीं पूर्ण बरा होतो. परंतु बधिर पायांची संख्या मात्र वाढली, कारण तीच स्थिति मधुमेह उत्पन्न करतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत १० कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. रक्तांत साखर फार दिवस वाढलेली राहिली म्हणजे मज्जातंतु झिजतात, आणि जे सर्वांत लांब ते बहुधा आधीं झिजतात. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतु सर्वांत लांब. म्हणून बधिरता बोटांपासून सुरू होऊन घोट्याकडे चढते, जणूं अदृश्य मोजाच कोणी हळूहळू वर ओढीत आहे. वैद्यहि तिला मोज्याच्या आकाराची बधिरता असेंच म्हणतात. आरंभीं मुंग्या येतात, जळजळ होते. पुढें ती थांबते तेव्हां घरचे लोक समजतात कीं आराम पडला!

ही बधिरता ओळखण्याचें एक साधन पाहण्यासारखें आहे. तें म्हणजे नायलॉनचा एक आंखूड धागा. त्याची जाडी अशी ठरविलेली असते कीं तळव्यावर टेंकून दाबला असतां बरोबर १० ग्रॅम भाराला तो वांकावा. रोग्यानें डोळे मिटावे, वैद्यानें धागा ठिकठिकाणीं टेंकवावा, आणि स्पर्श समजला कीं रोग्यानें 'हो' म्हणावें. धागा वांकूनहि 'हो' आला नाहीं तर त्या जागेचा पहारेकरी गेला असें समजावें. ही १० ग्रॅमची मर्यादा १९८० नंतरच्या दशकांत कारव्हिल येथेंच ठरली. एका धाग्यानें होणारी ही परीक्षा मधुमेही मनुष्यानें वर्षांतून एकदां तरी करून घ्यावी.

आतां आजच्या मोज्याकडे येऊं. तो दाब न मोजतां उष्णता मोजतो. वर सांगितल्याप्रमाणें व्रण फुटण्यापूर्वीं आंतील मांस सुजतें. सुजलेल्या भागीं रक्त अधिक धांवतें, आणि तेथील कातडें गरम होतें. कारव्हिलला ब्रँड हातानें चांचपून व उष्णतेचीं चित्रें घेऊन अशा जागा शोधीत असत. नुसता एका पायाचा उष्णमान पाहून मात्र कांहीं कळत नाहीं, कारण उन्हांतून आलेल्या मनुष्याचे दोन्ही पाय तापलेले असतात. म्हणून उजव्या पायाच्या एका जागेची तुलना डाव्या पायाच्या त्याच जागेशीं करतात. दोहोंत २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक सतत दोन दिवस दिसला तर ती धोक्याची खूण मानितात.

कापडांत ही परीक्षा कशी बसविली तें पाहूं. कामाचें साधन म्हणजे थर्मिस्टर. कांहीं धातूंच्या भस्मांचा हा कण असा असतो कीं तो तापला म्हणजे विजेस होणारा त्याचा विरोध कमी होतो, दर अंशामागें सुमारें ३ ते ५ टक्के. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं प्रयोगशाळेंत हें पाहावें. ज्या थर्मिस्टरचा विरोध २५ अंशांवर १०,००० ओम आहे, तो ३७ अंशांवर सुमारें ६,००० ओमपर्यंत उतरलेला दिसतो. कांहीं थर्मिस्टर सुमारें १ मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनहि बारीक असतात. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठांत टिळक डायस यांच्या संशोधकमंडळानें असा कण केंसासारख्या तांब्याच्या तारांस जोडून, त्यावर रोगणाचा थेंब घट्ट करून, भोंवतीं सुताचे तंतु गुंडाळले आणि त्याचा सूत बनविला. तो सूत मोज्यांत विणला असतां हातास निराळा लागत नाहीं. हें महत्त्वाचें आहे, कारण टोंचणारा सेन्सर बधिर पायांत घालणें म्हणजे चोरासच पहाऱ्यावर बसविणें होय.

अमेरिकेंतील सायरन नांवाच्या कंपनीनें जे मोजे काढले, त्यांत प्रत्येक पायास सहा सेन्सर असतात: एक अंगठ्याखालीं, तीन चवड्यावर, एक पावलाच्या मध्यभागीं आणि एक टाचेखालीं. घोट्याजवळील लहानशी डबी ते आंकडे बिनतारी मार्गानें मोबाइलवर पाठविते, आणि तेथून ते वैद्याच्या कचेरींत जातात. ३५ मधुमेही लोकांवर घेतलेल्या चांचणीचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मोजे घालण्यास सोपे व मापास पुरेसे बरोबर आढळले. एवढ्या लहान चांचणीवरून व्रण टळतात असें मात्र म्हणतां येत नाहीं.

मग टळतात कीं नाहीं? याचें उत्तर मोज्यांहून जुन्या प्रयोगांत शोधावें लागतें. त्यांत रोग्यांस घरीं एक उष्णतामापक देऊन रोज तळव्याच्या ठराविक जागा मोजण्यास सांगितलें होतें. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत २२५ लोक १८ महिने होते. नेहमींची काळजी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा १२.२ जणांस व्रण झाला, आणि उष्णता मोजणाऱ्यांपैकीं शेंकडा ४.७ जणांस. हे आंकडे उत्साह देणारे आहेत. पुढें नेदरलंड्समध्यें ३०४ लोकांवर तसाच १८ महिन्यांचा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२१ सालीं लागला, आणि तेथें दोन गटांत खात्रीनें सांगण्याजोगा फरक निघाला नाहीं. असें कां व्हावें? बारकाईनें पाहतां एक गोष्ट नजरेस आली. जागा गरम झाल्याचें दिसतांच ज्यांनीं चालणें कमी केलें त्यांस लाभ झाला. ज्यांनीं आंकडा लिहिला आणि चालणें तसेंच ठेवलें त्यांस विशेष झाला नाहीं. काखेंतील धक्क्याची कळ बंद करणारे रोगी वाचकांस येथें आठवले असतील.

त्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु ज्या बाईस पाणी भरावयाचें आहे, ज्या मनुष्याची रोजी पायांवर आहे, त्यांस 'चार दिवस बसून राहा' असें मोबाइलनें सांगितल्यानें ते बसूं शकतीलच असें नाहीं. शिवाय असा पहारेकरी कधीं कधीं उगाच ओरडतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत मोज्याऐवजीं उष्णता मोजणारी चटई वापरली होती. तिनें शंभरांपैकीं ९७ व्रण आधींच, सरासरीनें ३७ दिवस अगोदर, ओळखले. परंतु जेथें पुढें व्रण झालाच नाहीं अशा ठिकाणींहि तिनें पुष्कळदां इशारा दिला. वारंवार खोटा ओरडा ऐकला म्हणजे खऱ्याकडेहि कान जात नाहीं.

आपल्या इकडची एक अडचण परदेशच्या कारागिरांस सुचणार नाहीं. ती अशी कीं आपण मोजे घालीतच नाहीं. घरांत अनवाणी, बाहेर चप्पल, देवळांत, मशिदींत व पुष्कळ गांवांतील देवळांप्रमाणेंच प्रार्थनामंदिरांतहि जोडा दाराबाहेर. उन्हाळ्यांत डांबरी रस्ता पोळतो तेव्हां जाणीव असलेला मनुष्य उड्या मारीत सावलींत जातो. बधिर पायाचा मनुष्य सावकाश चालत जातो, आणि संध्याकाळीं तळव्यास फोड दिसतात. किंमतीचाहि प्रश्न आहेच. म्हणून सेन्सर मोज्यांतच असावा असा आग्रह न धरतां तो चपलेच्या तळांत बसवावा हें आम्हांस अधिक सयुक्तिक दिसतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें यंत्रशास्त्राकडे वळला तर त्यानें या कामाचा विचार करावा.

तोंवर घरचा उपाय घरीं आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं मधुमेही मनुष्याचे दोन्ही तळवे उजेडांत पाहावे, बोटांच्या बेचक्याहि पाहाव्या. मग हाताची मागील बाजू एका पायाच्या प्रत्येक जागेवर व लगेच दुसऱ्या पायाच्या त्याच जागेवर लावावी. हें काम दुसऱ्यानें करावें, कारण रोग्याच्या स्वतःच्या हातांसहि जाणीव कमी असूं शकते. एखादी जागा दुसऱ्या पायाहून स्पष्ट गरम लागली तर त्या पायावरील भार कमी करून वैद्याकडे जावें. फोड, भेग किंवा रक्त दिसलें तर मुळींच थांबूं नये. गरम पाण्याच्या पिशवीनें पाय शेंकूं नयेत, कुरूप घरीं पात्यानें कापूं नये, आणि चप्पल घालण्यापूर्वीं ती उलटी करून झटकावी. ज्यांच्या घरीं दुसरें कोणी नाहीं त्यांनीं जमिनीवर आरसा ठेवून त्यांत तळवा पाहावा. घरांत नातवंडें असलीं तर आरशाचीहि गरज नाहीं; त्यांची नजर बारीक असते, आणि जमिनीवर बसण्याचा त्यांस कंटाळा नसतो.